ओळख देणाऱ्याची सही

बँकेत खाते उघडायचे तर पूर्वी अर्जाच्या तळाशी एक रकाना असे : ‘ओळख करून देणाऱ्याची सही’. त्या शाखेत आधीपासून खाते असलेल्या कोणीतरी लिहून द्यायचे, की या अर्जदाराला मी अमुक इतके दिवस ओळखतो. आधार आणि पॅनच्या जमान्यात तो रकाना गेला. पण ज्यांनी नोकरीत बदल्या भोगल्या आहेत त्यांना आठवत असेल, नव्या गावात बिऱ्हाड लावताना दोन गोष्टींची काळजी असायची. एक दुधाचा रतीब आणि दुसरी बँकेत ओळख देणारा माणूस.

सदतीस वर्षांच्या नोकरीत मी असे हजारो अर्ज हातावेगळे केले. त्यातला एक मात्र मी अडवला होता आणि तो अजून विसरता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता आणि चीनमधले ग्वांगचौ यांच्यातली थेट विमानसेवा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली, ही बातमी वाचताना तोच अर्ज डोळ्यांसमोर आला. दोन देशांचे संबंध सुधारत आहेत, व्यापार वाढेल, व्हिसा सुलभ होतील, असे सगळे त्या बातमीखाली होते. ग्वांगचौ म्हणजे जुने कँटन. त्या बाजूने कलकत्त्यात येऊन सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या माणसांचा उल्लेख मात्र कुठे दिसला नाही.

१९८८ साली बढतीबरोबर माझी बदली कलकत्त्याला झाली. शहराचे अधिकृत नाव कोलकाता व्हायला अजून तेरा वर्षे होती, म्हणून त्या काळापुरते मी कलकत्ताच म्हणतो. पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि दोन ट्रंका घेऊन आम्ही हावड्याला उतरलो. माझी शाखा शहराच्या पूर्व भागात होती. कर्जखात्यांत मोठा वाटा तांगरा भागातल्या टॅनऱ्यांचा, म्हणजे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचा. जवळपास सगळे मालक चिनी.

दर महिन्याला माल तपासायला तांगऱ्यात जावे लागे. पहिल्या दिवशी टॅक्सीतून उतरलो आणि रुमाल नाकाला लावला. उघड्या गटारातून निळसर पाणी वाहत होते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, लोखंडी दरवाजे आणि दरवाजांवर लाल कागदांवर चिनी अक्षरे. आत गेले की लाकडी पिंपे गरगर फिरत असायची, क्रोमने निळी झालेली ओली कातडी थराथरांनी रचलेली असायची. वरच्या मजल्यावर मालकाचे कुटुंब राहत असे. हे लोक हक्का बोली बोलणारे. कातडी पुरवणारे व्यापारी बहुतेक मुसलमान, पिंपांवरचे मजूर बिहारचे, तयार माल घेणारे अनेकदा पंजाबी. सगळ्यांची बोली तोडकीमोडकी हिंदी. हिंदुस्थान म्हणतात तो काय, हे कळायला तो एक कारखाना पुरेसा होता.

त्यातल्या एका टॅनरीचे मालक साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. जन्म कलकत्त्याचा, त्यांच्या वडिलांचाही कलकत्त्याचाच. आमच्या शाखेत त्यांचे खाते वीस वर्षांचे, हप्ता कधी चुकला नाही, स्टॉकचे पत्रक कधी एक दिवस उशिरा आले नाही. मला ते ‘बाबू’ म्हणत. तपासणीला गेलो की काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा देत आणि मी कातडी मोजत असताना शेजारी गप्प उभे राहत. मोजणी संपली की हसून विचारत, ‘ठीक है, बाबू?’ आम्ही पावसाळ्यात आजारी पडलो तेव्हा त्यांच्या पत्नीने डबाभर पातळ सूप पाठवले होते. माझी पत्नी पक्की शाकाहारी. तिने ते शेजारच्या मुलांना दिले आणि डब्यात साबुदाण्याचे वडे घालून परत पाठवला. पुढच्या वेळी त्यांनी मला गंभीरपणे विचारले, की हे मोती कसले होते?

१९९० च्या सुरुवातीला ते आपल्या पुतण्याला घेऊन शाखेत आले. पुतण्या तिशीतला, शिलाँगहून नुकताच आलेला. त्याला बचत खाते हवे होते. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात काकांनी सही केली होती. अर्ज माझ्या टेबलावर आला. काकांच्या खात्याचे कागद मी काढले, तर नागरिकत्वाच्या जागी ‘परदेशी’ आणि सोबत पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या परवान्याची नक्कल. मी विचारात पडलो. परदेशी माणसाची ओळख चालेल का? नियमपुस्तकात तशी मनाई कुठेही नव्हती. पण बँकेच्या नोकरीने आम्हाला एक शिकवले होते, शंका आली की अडवा. पुढे चौकशी झाली तर कागदावर आपली शंका दिसली पाहिजे. मी पेन्सिलीने लिहिले, ‘दुसरा ओळख देणारा आणावा.’

गृहस्थांनी ते वाचले. वाद घातला नाही. तासाभराने ते एका होमिओपॅथिक डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांचे आमच्याकडचे खाते सहा महिन्यांचे होते. पुतण्याला ते आदल्या आठवड्यात पहिल्यांदा भेटले असावेत. त्यांनी ऐटीत सही केली, मी आद्याक्षरे केली आणि खाते उघडले.

आमचे बंगाली हेडक्लार्क, त्यांना सगळे बडोबाबू म्हणत, हे सगळे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी सांगितले, ‘या पुतण्याच्या बापाचे शिलाँगला चपलांचे दुकान होते. बासष्टमध्ये हा पाच वर्षांचा होता. साहेब, तुम्ही देवळी हे नाव ऐकले आहे का?’ मी वर्धा-पुलगाव भागातल्या देवळीचे नाव ऐकले होते. ते राजस्थानातल्या देवळीबद्दल बोलत होते.

त्या दिवसापर्यंत मी दोन वर्षे ज्यांच्यात वावरलो त्यांच्याबद्दल मला काही ठाऊक नव्हते. त्यानंतर मात्र जे मिळेल ते वाचत गेलो.

कलकत्त्यातल्या चिनी वस्तीची सुरुवात साखरेने झाली. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७८ च्या सुमारास, टाँग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन मिळाली आणि त्याने तिथे उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. अच्यू फार वर्षे जगला नाही, कारखानाही टिकला नाही. पण त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. नदीकाठी घोड्याच्या नालेसारखी त्याची लाल समाधी आहे. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातली चिनी कुटुंबे तिथे जाऊन उदबत्ती लावतात, जसे आपण कुलदैवताला जातो.

कारखाना मोडल्यावर माणसे शहरात आली. तिरेत्ता नावाच्या एका इटालियन गृहस्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजाराभोवती त्यांनी बिऱ्हाडे थाटली. प्रत्येक गावच्या माणसांनी आपापला धंदा धरला. कँटनकडचे सुतार झाले, हुपेई प्रांतातले दात बसवू लागले, हक्का लोकांनी चामडे आणि चपला घेतल्या. बेंटिंक स्ट्रीटवर ओळीने त्यांची बुटांची दुकाने होती. कागदावर पाऊल ठेवायला सांगून पेन्सिलीने त्याची कड आखणारे ते दुकानदार अनेक जुन्या वाचकांच्या स्मरणात असतील. कातडी कमावणे हे आपल्याकडे विटाळाचे काम. शहराबाहेरची दलदल हीही कोणाला नको असलेली जागा. जे काम आणि जी जमीन गावाने टाकली ती या लोकांनी उचलली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तांगऱ्यात टॅनऱ्या उभ्या केल्या. चांगल्या दिवसांत कलकत्त्यातली चिनी वस्ती वीस हजारांच्या घरात होती असे मानतात. त्यांच्या शाळा होत्या, वर्तमानपत्रे होती, देवळे होती. त्या देवळांना शहर गंमतीने ‘चर्च’ म्हणते.

मग १९६२ आले. २० ऑक्टोबरला चिनी फौजा आत घुसल्या, २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले. त्या महिन्याभरात देशाला बसलेला धक्का ज्यांनी अनुभवला त्यांना तो सांगायला नको. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. अशा वेळी सरकार संशयाने पाहते, यात नवल नाही. पण युद्धाच्या धामधुमीत जे कायदे झाले त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी शत्रुदेशाचे नागरिक होते, अशा माणसालाही परदेशी ठरवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. म्हणजे तुमचा जन्म कुठला, तुम्ही काय केले, हे प्रश्न गौण झाले. आजोबा कोण, एवढेच उरले.

आसाम, शिलाँग, दार्जिलिंग आणि काही प्रमाणात कलकत्ता इथून सुमारे तीन हजार माणसांना उचलण्यात आले. म्हातारी माणसे होती, बाळंतिणी होत्या, शाळकरी मुले होती. आसामातल्या माकूमसारख्या गावांतून निघालेली गाडी सात दिवसांनी राजस्थानात पोहोचली. देवळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बंदीछावणी होती, तिथे त्यांना ठेवले. कोणावर खटला नाही, आरोपपत्र नाही. १९६३ मध्ये चीनने जहाजे पाठवली आणि दोन हजारांवर माणसे मद्रासहून त्या देशात गेली. त्यातल्या कितीकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. जे गेले नाहीत ते छावणीत राहिले. शेवटचे लोक सुटले तेव्हा १९६७ साल उजाडले होते. घरी परतलेल्या अनेकांना घर नव्हते. दुकानांचे, मालाचे लिलाव झाले होते. आमच्या शाखेत आलेल्या त्या पुतण्याच्या बापाचे दुकान त्यातच गेले होते.

कलकत्त्यातल्या बहुसंख्य चिनी कुटुंबांना देवळी पाहावी लागली नाही. पण शहराबाहेर जायचे तर परवाना, परत आल्यावर हजेरी, दरवर्षी नोंदणीचे नूतनीकरण, हे मागे लागले. १९५० नंतर भारतात जन्मलेली मुले कायद्याने भारतीय झाली. त्याआधी जन्मलेल्यांतले बरेच जण कुठलेच राहिले नाहीत. एकाच घरात बाप परदेशी आणि मुलगा मतदार अशी अवस्था. त्यातल्या अनेकांना नागरिकत्व मिळायला १९९० चे दशक संपत आले. ते येईपर्यंत थांबायला किती जण जिवंत होते, हे कोणी मोजले नाही.

बँकेचा माणूस म्हणून आणखी एक तपशील मला टोचतो. कलकत्ता आणि मुंबईत तेव्हा बँक ऑफ चायनाच्या शाखा होत्या. १९६२ मध्ये त्या बंद झाल्या. २०१८ मध्ये त्याच बँकेला भारतात पुन्हा परवाना मिळाला. ते योग्यच झाले, व्यापार असाच चालतो. मालमत्तेचा कायदा मात्र उलट्या दिशेने गेला. युद्धकाळात सरकारच्या ताब्यात गेलेल्या मालमत्तांसाठी १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वारस भारतीय नागरिक असला तरी त्याचा हक्क संपवला. या यादीत पाकिस्तानी नागरिकांच्या नऊ हजारांवर मालमत्ता आहेत. सरकारने २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार चिनी नागरिकांच्या अवघ्या १२६, त्यातल्या ५७ एकट्या मेघालयात आणि २९ पश्चिम बंगालमध्ये. देशाच्या तिजोरीला १२६ मालमत्तांनी काय फरक पडतो? पण ज्याचे घर त्यात गेले त्याचे सगळेच गेले.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. तांगऱ्याच्या भिंती उंच होत्या, त्या केवळ चोरांच्या भीतीने नव्हे. लग्ने आपसात, शाळा आपली, भाषा आपली. समाजातच एक गट पेकिंगकडे पाहणारा आणि दुसरा तैवानकडे. शेजाऱ्याशी धंद्यापलीकडे संबंध कमी. असा समाज संकटात सापडला की त्याच्या बाजूने बोलणारे थोडे निघतात. पण विचार करा, आपल्यापैकी कोणाच्या पूर्वजांनी परमुलखात जाऊन वेगळे काही केले? तंजावरला गेलेले मराठे शतकानुशतके घरात मराठी बोलत राहिले, बडोदा-इंदूरला आपले वाडे, आपले गणपती, आपल्या सोयरिकी राहिल्या. कुणी त्यांना परके म्हटले नाही, कारण त्यांच्या आजोबांच्या देशाशी कोणाचे युद्ध झाले नाही. एवढाच काय तो फरक.

युद्धाने जे पुरते मोडले नाही ते पुढे शहराच्या वाढीने मोडले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तांगरा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा इथल्या सुमारे ५५० टॅनऱ्या शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मी ते निळे पाणी पाहिलेले आहे. शहराच्या पूर्वेला सांडपाणी पोटात घेणारी आणि त्यावर मासे पोसणारी मोठी पाणथळ भूमी आहे. तिच्यात क्रोम सोडणे चालू द्यायला नको होते, हे मी तेव्हाही मानत होतो. आदेश बरोबर होता. पण बांतला इथे नवी जागा, नवी यंत्रे, सांडपाणी शुद्धीकरणाचा वाटा, हे सगळे मोठ्या भांडवलवाल्याला झेपले. एका पिंपावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला ते झेपणे अवघड होते. अशा कुटुंबांपुढे दोन वाटा होत्या. अंगणात टेबले टाकून हॉटेल काढणे किंवा टोरांटोला गेलेल्या भावाला पत्र लिहिणे. बऱ्याच जणांनी आधी पहिली आणि मग दुसरी वाट धरली. आज त्या समाजाची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास सांगतात.

मुंबईकरांना हे ऐकताना गिरणगाव आठवेल. गिरण्या गेल्या, चिमण्या राहिल्या आणि मग त्यांच्या सावलीत मॉल आले. तांगऱ्याच्या कडेलाही आता उंच इमारती आहेत. फरक एवढा, की गिरणी कामगारांवर आपल्याकडे कविता झाल्या, नाटके झाली, मोर्चे निघाले. तांगऱ्याच्या मालकांना मोर्चा काढायची सवय नव्हती. परवान्यावर राहणारा माणूस मोर्चा काढत नाही.

चिनी माणसे आपल्यापासून वाटतात तेवढी लांब नाहीत. महाबळेश्वरला आपण चायनामन धबधबा पाहून येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी पूर्वेकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात होते. त्यांनी केलेल्या भाजीपाल्याच्या बागांवरून ते नाव पडले. मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ १९१९ मधले सी युप मंदिर आहे. बंदरावर काम करणाऱ्या कँटनी खलाशांचा तो आधार होता. अँटॉप हिलला त्यांची दफनभूमी आहे. आणि आपल्या गल्लीतल्या गाडीवर मिळणारे मंचुरियन चीनच्या मंचुरियातून आलेले नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या आपल्या फोडणीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर जोडून ते केले, असे सांगतात. म्हणजे तो पदार्थ आपल्या वडापावाइतकाच मुंबईचा.

तरी २०२० च्या जूनमध्ये काय झाले ते आठवा. गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. देश संतापला, आणि तो संताप रास्त होता. त्या लाटेत महाराष्ट्रातल्याच एका केंद्रीय मंत्र्यांनी चिनी खाद्यपदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्काराचे आवाहन केले. तिकडे तांगऱ्यातले लोक भारतीय सैन्याला पाठिंब्याचे फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. वर्तमानपत्रातला तो फोटो मी बराच वेळ पाहत होतो. सव्वादोनशे वर्षे राहिल्यावरही आपण इथलेच आहोत हे फलकावर लिहून दाखवावे लागत होते. माझ्या सोसायटीत त्या दिवसांत कोणी फलक घेऊन उभे राहिले नाही. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

वारसा हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. कोलकात्यात रविवारी सकाळी तिरेत्ता बाजारात चिनी न्याहारीला गर्दी होते. वाफाळलेले पाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचे सूप. कॅमेरे घेतलेली तरुण मुले, वारसाफेऱ्या काढणारे मार्गदर्शक. तांगऱ्यात चिनी कुटुंबांनी सांभाळलेले कालीचे देऊळ आहे, तिथे नैवेद्याला नूडल्स असतात, हे कौतुकाने सांगितले जाते. मला याची टिंगल करायची नाही. खाण्याच्या वाटेने का होईना, कोणी जवळ येत असेल तर चांगलेच. पण तांगऱ्यातून १९६९ पासून निघणारे चिनी वर्तमानपत्र, देशातले त्या भाषेतले शेवटचे, २०२० च्या टाळेबंदीच्या सुमारास बंद पडले, तेव्हा त्याची हळहळ किती जणांना वाटली? पदार्थ टिकवायला गिऱ्हाईक लागते. भाषा, शाळा, वर्तमानपत्र टिकवायला तिथे राहणारी माणसे लागतात. माणसे का गेली हे विचारल्याशिवाय न्याहारीचे फोटो काढणे म्हणजे घर गेल्यावर उंबरठ्याला हळदकुंकू वाहणे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, देवळीची नोंद. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले होते. १९८८ मध्ये त्या देशाने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. आपल्याकडे तीन हजार माणसांचा प्रश्न. त्यातले हयात असलेले आता म्हातारे झाले आहेत, बरेचसे कॅनडात आहेत. पैसे नकोत, चूक झाली एवढे म्हणा, असे त्यांच्यातल्या अनेकांचे म्हणणे आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात १९६२ चे युद्ध आहे, देवळी नाही. रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ ही असमिया कादंबरी लिहिली, मुंबईचे दिलीप डिसूझा आणि देवळीच्या छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी २०२० मध्ये इंग्रजीत पुस्तक केले. लेखकांनी त्यांचे काम केले आहे. सरकारचे बाकी आहे. दुसरी गोष्ट, त्या १२६ मालमत्तांपैकी ज्यांचे वारस भारतीय नागरिक आहेत, त्यांचे दावे तरी ऐकून घ्यावेत.

याने देशाची सुरक्षा कमी होईल असे मला वाटत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्या देशाने त्यांचे स्मारक केले आणि मुंबईत आलेले चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. यामागे राजकारण नाही असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आपला म्हणता येते, त्यासाठी सीमेवरचा एक दगडही हलवावा लागत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

२०२३ च्या डिसेंबरात मी आणि पत्नी कोलकात्याला जाऊन आलो. निवृत्तीनंतर राहिलेली एक इच्छा. तांगऱ्यात आता वास नाही, रुमाल काढावा लागला नाही. ज्या दरवाजातून मी कातडी मोजायला जात असे तिथे मेजवान्यांचा हॉल झाला आहे. बाहेर लाल कंदील आणि पैसे भरायला क्यूआर कोड. वेटर दार्जिलिंगकडचा होता. जुने मालक कुठे आहेत विचारले तर म्हणाला, ‘म्हातारा केव्हाच गेला, मुले कॅनडात.’ पुतण्याबद्दल त्याला काही ठाऊक नव्हते. आम्ही चहा मागवला. बिनदुधाचा चहा नाही म्हणाला, मसाला चहा आहे. तो घेतला.

परतताना विमानात मी पत्नीला त्या अर्जाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सगळे ऐकून घेऊन तिने एकच विचारले, ‘ओळख बँकेतल्या माणसाने दिली तर चालत नव्हती का?’

चालत होती. शाखेतल्या अधिकाऱ्याची सही तर सर्वांत चांगली समजली जाई. डॉक्टरांनी त्या रकान्यात लिहिले होते, ‘सात दिवसांपासून ओळखतो.’ काकांना मी तेव्हा दीड वर्षाहून अधिक ओळखत होतो.